लोकलमधून पडल्यानंतरचे कागद

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर जखमी झालेल्या माणसाचा प्रश्न हा मुख्यतः उपचारांचा प्रश्न समजला जातो, आणि पहिल्या काही तासांपुरता तो तसा असतोही. परंतु नुकसानभरपाईचे दावे तयार करण्याच्या कामात ज्याची काही वर्षे गेली आहेत, त्याला या प्रश्नाची दुसरी बाजू फार लवकर दिसू लागते. जखमीला रेल्वेकडून काही मिळणार की नाही, याचा निर्णय रेल्वे दावा न्यायाधिकरणात युक्तिवाद ऐकून होतो असे वरवर दिसले, तरी त्या निर्णयाची दिशा बहुतेक वेळा जखमी बेशुद्ध असताना किंवा वेदनेने बोलू शकत नसताना इतरांनी लिहिलेल्या तीनचार ओळींनी ठरून गेलेली असते. त्या ओळी लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू नसतो. स्टेशन मास्तर आपल्या नोंदवहीपुरते लिहितात, लोहमार्ग पोलीस आपल्या स्टेशन डायरीपुरते, आणि अपघात विभागातला तरुण डॉक्टर त्या घाईत जे कानावर पडेल ते केस पेपरवर उतरवून पुढच्या खाटेकडे वळतो. या तिन्ही नोंदी पुढे वर्ष-दोन वर्षांनी एकाच टेबलावर एकमेकींशेजारी ठेवल्या जातील, याची जाणीव त्या क्षणी कोणालाच नसते.

या प्रश्नाचा आकार लहान नाही. करोनाकाळ वगळला, तर अलीकडच्या वर्षांत उपनगरी मार्गांवर मरण पावणाऱ्यांची वार्षिक संख्या दोन हजारांच्या वर राहिली आहे. त्यांतले बरेचसे रूळ ओलांडताना गाडीखाली सापडतात, काही दारातून पडतात, काहींना दारात लटकताना रुळालगतचा खांब लागतो, काही फलाट आणि डबा यांच्यामधल्या फटीत जातात, तर काही दाराशी मोबाइल हातात धरून उभे असताना रुळालगतच्या मोबाइलचोरांच्या, म्हणजे ‘फटका गँग’च्या, काठीचा फटका बसून खाली येतात. 9 जून 2025 रोजी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकणारे प्रवासी खाली पडून त्यांतील काहींचा मृत्यू झाला, तेव्हा दारे बंद होणाऱ्या गाड्यांची चर्चा पुन्हा वर आली. मात्र त्याच प्रकारचा अपघात एकट्यादुकट्याच्या वाट्याला येतो, तेव्हा त्याची बातमीही होत नाही.

कायद्याच्या दृष्टीने या घटना एका जातीच्या नाहीत, हे सर्वांत आधी समजून घ्यावे लागते. रेल्वे अधिनियम, 1989 मधील कलम 124 हे गाड्यांची टक्कर, गाडी रुळांवरून घसरणे किंवा गाडीलाच झालेला तत्सम अपघात यांना लागू होते. म्हणजे तेथे ‘अपघात’ गाडीचा असतो, माणसाचा नव्हे. चालत्या गाडीतून एकटा माणूस पडला, तर त्या कलमाचा त्याला काही उपयोग नव्हता, आणि ही उणीव 1 ऑगस्ट 1994 पासून अमलात आलेल्या कलम 124-अ ने भरून काढली. त्या कलमाने ‘अनुचित घटना’ नावाचा वेगळा वर्ग निर्माण केला, ज्यात प्रवासी वाहून नेणाऱ्या गाडीतून प्रवाशाचे अपघाताने पडणे येते, तसेच गाडीत किंवा स्थानकाच्या आवारात झालेला दहशतवादी हल्ला, लूट, हिंसक हल्ला, दंगल, गोळीबार किंवा जाळपोळ हेही येते. 11 जुलै 2006 च्या लोकलमधील बाँबस्फोटांतील जखमी आणि फटका गँगच्या काठीने जखमी झालेला कॉलेजचा विद्यार्थी हे दोघे या एकाच कलमाच्या छत्राखाली उभे राहू शकतात, हे अनेक वकिलांच्याही सहज ध्यानात येत नाही.

दोन्ही कलमांचा पाया ‘दोषनिरपेक्ष दायित्व’ या तत्त्वावर आहे, म्हणजे रेल्वेची चूक होती हे सिद्ध करण्याचे ओझे जखमीवर नाही. रेल्वेने काहीही चूक केलेली नसली तरी भरपाई देणे तिला भाग आहे. 124-अ ला अपवाद मोजके आहेत: आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशेच्या किंवा वेडाच्या भरात केलेले कृत्य, आणि नैसर्गिक कारण किंवा आजार. रेल्वेच्या लेखी उत्तरात यांपैकी एखादा अपवाद जवळजवळ ठरल्याप्रमाणे पुढे केला जातो, आणि सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी त्यांना मर्यादा घातल्या नसत्या, तर दारात उभा राहणारा प्रत्येक मुंबईकर स्वतःच्या इजेचा कर्ता ठरला असता. प्रभाकरन विजयकुमार प्रकरणात (2008) गाडीत चढताना पडणे हेही ‘गाडीतून पडणे’ मानले गेले. जमीला प्रकरणात (2010) उघड्या दाराशी उभे राहणे निष्काळजीपणाचे असेल, पण ते गुन्हेगारी कृत्य नव्हे, असे ठरले. आणि रीना देवी प्रकरणात (2018) स्वतःहून करून घेतलेल्या इजेसाठी तसा हेतू असावा लागतो, केवळ बेपर्वाई पुरत नाही, हे स्पष्ट झाले. ज्या शहरात सकाळी साडेआठच्या गाडीत आत शिरायला जागाच नसते, तेथे दारात उभे राहण्याला निवड म्हणणे हीच मुळात एक थट्टा होती.

असे असूनही एक रेषा मात्र पक्की आहे, आणि दाव्याचे सारे जगणे-मरणे तिच्या अलीकडे किंवा पलीकडे असण्यावर अवलंबून असते. रूळ ओलांडणारा माणूस प्रवासी नसतो. कलम 147 नुसार तो रेल्वेच्या हद्दीत बेकायदा शिरलेला ठरतो आणि त्याला 124-अ चा लाभ मिळत नाही. आता दोन स्थानकांच्या मध्ये रुळांशेजारी पडलेला, पाय तुटलेला माणूस पाहून तो गाडीतून पडला की रूळ ओलांडताना धडकला, हे कोणी कसे सांगावे? मागून येणाऱ्या गाडीच्या मोटरमनला तो फक्त पडलेला दिसतो. स्टेशन मास्तरांकडे वर्दी पोचते ती ‘अमुक खांबाजवळ एक इसम जखमी’ एवढीच. मग मेमोत, म्हणजे स्टेशन मास्तरांनी लोहमार्ग पोलिसांना आणि रुग्णालयाला पाठवायच्या चिठ्ठीत, कधी ‘गाडीची धडक लागून’ असे लिहिले जाते, आणि तेच शब्द पोलिसांच्या डायरीत व तेथून केस पेपरवर जातात. तिन्ही कागदांवर एकच मजकूर आला की तो तीन साक्षीदारांनी सांगितल्यासारखा भासतो, वस्तुतः तो एकाच न पाहणाऱ्याचा अंदाज असतो.

या साखळीतील माणसे कोण, हे सामान्य प्रवाशाला सहसा ठाऊक नसते. लोहमार्ग पोलीस हे राज्य सरकारचे दल असून गुन्हा, जबाब आणि पंचनामा हे त्यांचे काम. रेल्वे सुरक्षा दल हे केंद्राचे, रेल्वेचे स्वतःचे दल, आणि अनुचित घटनांच्या चौकशीसाठी 2003 साली केलेल्या नियमांनुसार रेल्वेच्या बाजूची चौकशी तेच करते. ती चौकशी विभागीय व्यवस्थापकांकडे जाते आणि पुढे न्यायाधिकरणात ‘डीआरएम रिपोर्ट’ या नावाने हजर होते. ज्याच्यावर भरपाईचा बोजा पडायचा, त्याच्याच खात्याने चौकशी करायची, या व्यवस्थेबद्दल फार काही बोलण्याची गरज नाही; मात्र जखमीच्या नातेवाइकांनी आपला जबाब लोहमार्ग पोलिसांकडे लवकर नोंदवला असेल, तर त्या अहवालाला त्या जबाबाची दखल घ्यावी लागते, इतके तरी अनुभवाने सांगता येते.

पहिल्या तासात कागदांचा विचार कोणी करू नये, हे अर्थातच गृहीत आहे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून सतत दाब देणे, मान किंवा पाठ दुखत असेल अथवा हातापायांची हालचाल होत नसेल तर माणसाला ओढून न उचलणे, आणि एखादा अवयव तुटून वेगळा झाला असेल तर तो स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी बर्फावर ठेवणे, अवयव थेट बर्फात न घालणे, एवढ्या गोष्टी फलाटावरच्या कोणालाही करता येतात. चाकाखाली चिरडलेला अवयव पुन्हा जोडला जाण्याची शक्यता कमी असते, तरी तो निर्णय शल्यविशारदाचा असावा, बघ्यांचा नव्हे. लोहमार्ग पोलिसांचा 1512, रेल्वेचा 139 आणि रुग्णवाहिकेचा 108 हे क्रमांक उपयोगाचे आहेत, पण गर्दीच्या वेळी जखमीला फलाटावरून पुलावर आणि पुलावरून रस्त्यावर आणतात ते स्ट्रेचर उचलणारे हमाल, आणि मुंबईतल्या किती माणसांचे प्राण त्यांच्या खांद्यांनी वाचवले याचा हिशेब कोणत्याही अहवालात सापडत नाही. जवळच्या रुग्णालयाने, मग ते खासगी असले तरी, पोलीस येईपर्यंत उपचार थांबवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात 1989 सालीच सांगितले आहे. प्रत्यक्षात बहुतेक जखमी सायन, राजावाडी, केईएम, नायर, कूपर किंवा कळव्याच्या सार्वजनिक रुग्णालयातच पोचतात, आणि एका अर्थी ते बरेच असते, कारण तेथल्या डॉक्टरांचा हात अशा जखमांवर बसलेला असतो.

रुग्णालयात पोचल्यावर मात्र सोबत आलेल्या माणसाने एक गोष्ट करावी, जिला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. अपघात विभागात डॉक्टर ‘हिस्टरी’ विचारतात, म्हणजे इजा कशी झाली याचा वृत्तान्त विचारतात. तो सांगणारा अनेकदा हमाल किंवा शिपाई असतो, ज्याने घटना पाहिलेली नसते. जखमी शुद्धीत असेल तर ते त्याच्या तोंडून यावे आणि नेमके यावे: कोणत्या स्थानकावरून कोणत्या गाडीत चढला, कोठे जात होता, दारात होता की आत, धक्का लागला की हात सुटला. केस पेपरवर केवळ ‘रेल्वे अपघात’ असे मोघम लिहिलेले असणे हे काही वाईट नाही, कारण त्याचा खुलासा पुढे करता येतो. पण ‘रूळ ओलांडताना’ हे दोन शब्द एकदा उमटले की ते पुसण्यासाठी पुढे साक्षीदार, शपथपत्रे आणि उलटतपासणी यांचा खटाटोप करावा लागतो. दारूच्या वासाची नोंदही अशीच घातक ठरते. रक्ताची तपासणी न करता केलेली ती नोंद नशा सिद्ध करीत नाही, आणि कलमातील अपवाद नशेच्या भरात केलेल्या कृत्यापुरता आहे, नुसते मद्य घेतलेल्या प्रत्येकापुरता नाही. तरीही रेल्वेच्या वकिलाला तेवढा आधार पुरतो. म्हणून नोंद चुकीची वाटल्यास त्याच दिवशी रुग्णालयाच्या प्रमुखाकडे लेखी हरकत द्यावी आणि तिची पोच ठेवावी. नंतर दिलेली हरकत पश्चातबुद्धीची समजली जाते.

यानंतर प्रश्न येतो तिकिटाचा. कलम 124-अ ‘अधिकृत प्रवासी’ मानते त्याच्याकडे वैध तिकीट, पास किंवा निदान फलाट तिकीट असावे लागते, आणि अपघातात सर्वांत आधी हरवतात त्या वस्तू म्हणजे पाकीट आणि मोबाइल. काही वेळा पाकीट अपघाताच्या जागी रुळांत पडून राहते, काही वेळा ते कोणी उचलून नेते. पंचनाम्यात मग ‘अंगझडतीत तिकीट मिळून आले नाही’ अशी ओळ येते आणि तीच पुढे रेल्वेचा मुख्य बचाव बनते. रीना देवी प्रकरणाने या बचावाची धार पुष्कळच बोथट केली. तिकीट सापडले नाही एवढ्यावरून माणूस विनातिकीट ठरत नाही. जखमीने किंवा वारसांनी शपथपत्रावर वस्तुस्थिती सांगितली की सुरुवातीचे ओझे उतरते आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी रेल्वेवर जाते. तरीही पास कोणत्या स्थानकावर काढला, त्याचा क्रमांक काय, मोबाइलवर काढला असेल तर तो कोणत्या नंबरावरून आणि त्याचे पैसे कोणत्या खात्यातून गेले, याचा शोध पहिल्याच आठवड्यात घ्यावा, कारण हे तपशील रेल्वेच्या संगणकात असतात आणि मागण्याला जितका उशीर, तितके ते मिळणे कठीण होते. जुना, मुदत संपलेला पाससुद्धा जपून ठेवावा; तो माणूस त्या मार्गावर रोज प्रवास करीत होता एवढे तरी त्याने दिसते.

पैशाच्या बाबतीत दोन रकमांची नेहमी गल्लत होते. रेल्वे घटनेनंतर लगेच देते ते सानुग्रह अनुदान, म्हणजे दयाबुद्धीने दिलेली रक्कम असून हक्काची भरपाई वेगळी असते. सप्टेंबर 2023 पासून गाडीच्या अपघातात मृताच्या कुटुंबाला 5 लाख, गंभीर जखमीला अडीच लाख आणि किरकोळ जखमीला 50 हजार रुपये असे अनुदान ठरले; अनुचित घटनेत हेच आकडे दीड लाख, 50 हजार आणि 5 हजार असे आहेत. हक्काची भरपाई मात्र रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करूनच मिळते, तिची कमाल मर्यादा 1 जानेवारी 2017 पासून 8 लाख रुपये आहे, आणि अर्ज घटनेपासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. उशिराचे सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण तो माफ करू शकते, पण महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही ते कारण कागदांनी दाखवावे लागते. लांब पल्ल्याच्या गाडीचे आरक्षण संकेतस्थळावरून करताना 45 पैशांचा ऐच्छिक विमा घेतलेला असेल, तर तो याहून वेगळा आणि त्याची मागणी विमा कंपनीकडे करायची असते. लोकलच्या प्रवाशाला ही सोय नाही.

न्यायाधिकरणाची खंडपीठे महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूर येथे आहेत, आणि अर्जदार राहतो त्या भागाच्या खंडपीठाकडेही अर्ज चालतो, त्यामुळे मुंबईत जखमी होऊन विदर्भातल्या आपल्या गावी परतलेल्या मजुराला पुन्हा मुंबईच्या खेपा घालण्याचे कारण नाही. हे त्याला कोणी सांगत नाही. सांगणारे भेटतात ते रुग्णालयाच्या व्हरांड्यात, जखमीच्या खाटेशी आपुलकीने बसून कोऱ्या कागदांवर आणि वकीलपत्रांवर सह्या घेणारे दलाल, जे मिळणाऱ्या रकमेतला मोठा वाटा आधीच आपल्या नावावर करून ठेवतात. कोऱ्या कागदावर सही न करणे आणि मूळ केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे कोणाच्याही हाती न देता त्यांच्या प्रतीच देणे, ही दोन पथ्ये पाळली तरी दलालाचा बराचसा धंदा बसतो.

भरपाई ठरते ती 1990 च्या नियमांना जोडलेल्या अनुसूचीने, आणि या अनुसूचीचे तर्कशास्त्र लोकांना विचित्र वाटते. तीत माणसाची कमाई विचारात घेतली जात नाही. गोदीतला हमाल आणि बँकेतला अधिकारी यांचा गुडघ्याखालचा पाय एकाच किमतीचा मानला जातो. समतेचा हा एक प्रकार म्हणावा, पण ज्याची रोजीरोटीच पायांवर होती त्याला तो फारसा दिलासा देत नाही. अनुसूची शरीराची मोजदाद अवयव आणि लांबी यांत करते: कापल्यानंतर गुडघ्याखाली किती सेंटिमीटर भाग उरला, यावर रक्कम बदलते. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते, जी शल्यविशारदांना सहसा माहीत नसते. डिस्चार्ज कार्डावर ‘गुडघ्याखालून पाय काढला’ एवढेच लिहिलेले असेल तर न्यायाधिकरणापुढे उरलेल्या भागाच्या लांबीवरून वाद होतो, म्हणून जखम भरल्यावर ती लांबी मोजून प्रमाणपत्रात लिहून घ्यावी. मांडीचे किंवा नडगीचे हाड मोडणे, मणक्याचा अस्थिभंग अशा इजाही अनुसूचीत आहेत. जी इजा तीत नाही, तिच्यासाठी वेदना आणि त्रास यांखातर न्यायाधिकरण आपल्या विवेकाने काही रक्कम देऊ शकते, पण ती मर्यादित असते. डोक्याला मार लागून स्मृती किंवा स्वभाव बदललेल्या माणसाचे काय, या प्रश्नाला अनुसूचीकडे नीटसे उत्तर नाही, आणि असे दावे सर्वांत कष्टाचे ठरतात, कारण बाहेरून तो माणूस धडधाकट दिसतो.

दाव्याचा निकाल लागायला वेळ लागतो, आणि दरम्यान आयुष्य थांबत नाही. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक कायम अपंगत्व असलेल्यास 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळते. त्यावर प्रवासाची सवलत मिळू शकते, लोकलमधील राखीव डबा वापरता येतो, आणि सरकारी सेवेत असलेल्याला अपंगत्व आले म्हणून कामावरून काढता येत नाही, जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीतले दुसरे द्यावे लागते. खासगी नोकरीत असे ठोस संरक्षण नसल्याने तेथे मालकाच्या चांगुलपणावरच भिस्त राहते. कृत्रिम पायासाठी हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था 1955 पासून काम करीत आहे, आणि तेथे पाय बसवून घेण्याइतकेच महत्त्व त्यानंतरच्या चालण्याच्या सरावाला दिले जाते. ज्यांना हा सराव अर्धवट सोडावा लागतो, त्यांचा पाय घरी कोपऱ्यात उभा राहतो आणि ते पुन्हा कुबडी घेतात.

भरपाई मंजूर झाल्यावर न्यायाधिकरण अनेकदा रकमेचा काही भाग मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश देते, ज्याचा घरच्यांना सुरुवातीला राग येतो, कारण उपचारांसाठी काढलेले कर्ज डोक्यावर असते. पण कृत्रिम पाय काही वर्षांनी झिजतो, उरलेल्या भागाचा आकार बदलून सॉकेट सैल होते, आणि नवा पाय घ्यावा लागतो. त्या वारंवार येणाऱ्या खर्चाची अनुसूचीत वेगळी तरतूद नाही. त्यामुळे कर्जापुरती रक्कम मुक्त करण्याचा अर्ज खर्चाच्या पावत्यांसह न्यायाधिकरणाकडे द्यावा आणि बाकीच्या ठेवीचे व्याज जखमीच्या स्वतःच्या, इतर कोणाचेही नाव नसलेल्या खात्यात जमा होईल अशी व्यवस्था करून घ्यावी.